उसाशीच्या तोंडावरचं मडकं

उसाशीची गोष्ट माझ्याइतकी खरी सांगणारा माणूस या पंचक्रोशीत दुसरा सापडायचा नाही. एक होता, तो गेल्या शिमग्यात वारला. आणि खरं बोलायचं तर मी ती त्याच्याकडूनच ऐकलेली. सांगताना तो मधेमधे हसायचा. का हसायचा, ते विचारायचं राहून गेलं. तेव्हा खऱ्याखोट्याचा निवाडा ज्याचा त्यानं करावा.

हा समोर दिसतो तो उसाशीचा डोंगर. आमच्या खडकवण गावातून गावकऱ्याला अर्धा तास, पाहुण्याला एक तास, आणि पोट सुटलेल्या पाहुण्याला देवाच्या मनात येईल तेव्हा. माथ्यावर झाड नाही, देऊळ नाही, शेंदूर लावलेला एक धोंडासुद्धा नाही. नुसता सपाट काळा कातळ, आणि त्याच्या मधोमध चुलीच्या तोंडाएवढं भोक. त्या भोकावर एक मडकं पालथं घातलेलं असतं. मडक्याला बूड नसतं. जवळ जाऊन वर हात धरा. कधी आतून गार हवा येते, भिजल्या मातीच्या वासाची. कधी उलटं होतं, तळहाताला कुणी खालून ओढतंय असं वाटतं. एखादा दिवस बाहेर, एखादा दिवस आत, कधी तीन तीन दिवस एकाच बाजूला. आणि सगळा वेळ मडक्यातून घुमतं, रिकाम्या घागरीच्या तोंडाशी ओठ नेऊन कुणी फुंकावं तसं. नवा माणूस आधी हसतो. मग मागं वळून बघतो. मग आपल्या बरोबरच्यांच्या जरा जवळ सरकून उभा राहतो. हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि दर वेळी मला तितकीच मजा येते.

असं सांगतात, की पूर्वी हे भोक नव्हतंच. डोंगर होता, पण मुका.

त्या काळी खडकवणात कुंभाराचं एकच घर होतं. राणबा कुंभार, त्याची आई येसू आणि बायको भिवरा. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एक घळ, घळीत भुयार आणि भुयारात काव. काव म्हणजे तांबडी माती. भाजायच्या आधी मडक्यावरून तिचा हात फिरवला की मडकं लालबुंद निघतं. ती काव आणायला वर्षातून दोनदा राणबा भुयारात उतरायचा. एवढंच त्याचं धाडस. एरवी तो इतका शांत, की गाढवंसुद्धा त्याला विचारून ओरडत नसावीत.

त्याची एक खोड मात्र गावाला पाठ होती. आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, उघडला की एकेक मडकं तो मांडीवर घ्यायचा आणि बोटाच्या पेरानं वाजवायचा. टक, टक, टक. मग थांबायचा, मान कलती करायचा, आणि मग चौथा टोला. पक्कं असलं की खाली ठेवायचा. भिवरा चिडवायची, "जग तीनदा वाजवतं. तुमचा चौथा कशाला?" तो म्हणायचा, "तीन मडक्याला विचारायला. चौथा, त्याचं उत्तर पोचलं म्हणून कळवायला."

एका माघात तो टोपलं आणि दिवा घेऊन भुयारात गेला. जाताना म्हणाला, "ओल्या मडक्यांवर फडकं टाकून ठेव, आलोच." भिवरानं फडकं टाकलं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा डोंगराच्या पोटात काहीतरी बसल्यासारखा आवाज झाला. गावातल्या उतरंडी हलल्या. लोक पळत पलीकडं गेले, तर भुयाराचं तोंड जागेवर नव्हतं. बैलाएवढाले धोंडे एकावर एक पडले होते.

पाच दिवस गावानं खणलं. पहारी वाकल्या, हातांची सालटं निघाली. सहाव्या दिवशी जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागला, आणि सातव्या दिवशी कुणी आलंच नाही. भिवरा एकटी जाऊन दगड उचलत बसली. मोठे दगड तिला हलत नव्हते म्हणून ती लहान दगड उचलायची.

दहाव्या दिवशी ओढ्याकाठी राणबाचा पिंड ठेवला. गाव जमलं. कावळे झाडावर होते, पण एकही खाली येईना. रिवाजाप्रमाणं येसू हात जोडून बोलायला लागली. "तुझ्या बायकोला मी अंतर देणार नाही." कावळा आला नाही. "गाढवं विकणार नाही." आला नाही. "तुझं चाक दुसऱ्याच्या दारात जाऊ देणार नाही." दुपार टळली. शेवटी गावच्या वैजनाथशास्त्र्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि म्हणाले, झालं. भिवराच्या बांगड्या फोडायला दोघी बायका पुढं झाल्या. भिवरानं हात पदराखाली घेतले.

"कावळा शिवला नाही," ती म्हणाली. "गवताचा कावळा गवताच्या माणसाला. माझा माणूस गवताचा नव्हता."

आणि म्हणे त्याच वेळी माथ्यावरून एक धनगरीण धापा टाकत खाली आली. वारा पडलेला असताना वर एके ठिकाणी गवत हलतंय, असं तिनं सांगितलं.

गाव वर गेलं. कातळ फाटून भोक पडलेलं होतं. त्यातून गार हवा येत होती आणि हवेला ओल्या कावेचा वास होता. भिवरा गुडघ्यावर बसली, तोंड भोकाशी नेलं आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. उठली तेव्हा तिच्या कपाळावरचं कुंकू त्या हवेनं ओलसर झालं होतं. ती एवढंच म्हणाली, "आत दम चाललाय. दम चाललाय तोवर माझ्या कपाळाला कुणी हात लावायचा नाही."

आता गावाची पंचाईत झाली. भिवरा सवाशीण की विधवा, हे ठरेना. हळदीकुंकवाला बोलवावी तर बायका बिचकायच्या, न बोलवावी तर ती येऊन दारात उभी राहायची आणि कुणाला नाही म्हणवायचं नाही. आणि घरात येसूचं वेगळंच. तिला रोज वाटायचं, आपला लेक ना इकडं ना तिकडं, मधेच उपाशी अडकून पडलाय, आणि अडकवून ठेवलंय ते सुनेच्या कुंकवानं. सासू-सुना एका चुलीवर जेवायच्या, पण एकमेकींकडं न बघता वाढायच्या.

प्रत्येकानं आपापल्या परीनं डोंगराला हात घातला. कोंडू भगतानं अंगात आणलं आणि सांगितलं, हा वेताळाचा श्वास, त्याला तांबडा कोंबडा पाहिजे. कोंबडा वर नेला. वेताळानं त्याची चव घेतली की नाही कळलं नाही, पण कोंडूच्या दारात दुसऱ्या दिवशी तांबडी पिसं होती.

शास्त्री वेगळ्या मातीचे. कळलं नाही तर कळलं नाही म्हणायची त्यांना खोड होती, त्यामुळं लोक मुहूर्त काढायला शेजारच्या गावी जात. ते घटिकापात्र घेऊन वर चढले. पाण्यावर तरंगणारी वाटी, तळाला बारीक छिद्र; ती भरून बुडाली की एक घटका झाली. भोकावर त्यांनी कापसाची वात टांगली आणि सव्वा महिना बसले. वात बाहेर केव्हा उडते, आत केव्हा वळते, घटकेघटकेला रेघ ओढली. शेवटी भिवराला बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, आभाळ भरून यायला लागलं की हा बाहेर सोडतो. आभाळ निवळलं की आत घेतो. दीड दीड दिवस एकच श्वास. माणसाचा दम असा नसतो. हा वारा आहे."

भिवरानं सगळं ऐकून घेतलं. वातीकडं पाहिलं, रेघांकडं पाहिलं. मग म्हणाली, "बुवा, तुम्ही खोटं बोलत नाही, ते मला ठाऊक आहे. पण डोंगराखाली दबलेला माणूस दम कसा घेतो, ते तुम्ही बघितलंय का कुठं?"

शास्त्री म्हणाले, "नाही." आणि त्यांनी ती वात सोडून घेतली.

एवढ्यावर भागलं असतं. पण चैत्रात एका दुपारी, ऊन नुसतं पांढरं पडलेलं, झाडाची सावली झाडाच्या पायाशी गोळा झालेली, अशा वेळी डोंगरातून आवाज आला.

टक, टक, टक.

मग काही नाही. मग पुन्हा टक, टक, टक.

पाणवठ्यावरच्या बायकांनी ऐकलं. पारावरच्या म्हाताऱ्यांनी ऐकलं. सगळ्यांचे कान चौथ्या टोल्याची वाट बघत राहिले. तो आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रोज भर दुपारी तीनच टोले, आणि पुढं ती रिकामी जागा. शास्त्री म्हणाले, उन्हानं तापून आतले खडक वाजत असतील. असतील, लोक म्हणाले, आणि दारं लावून घेतली. सांगतात, की त्या चैत्रात खडकवणातली माणसं दुपारची जेवत नव्हती. घास हातात धरून बसायची. दोन बाळंतिणी माहेरी गेल्या. पाणवठा ओस पडला.

पंच बसले आणि ठरलं, की भोक बुजवायचं. दगड घालून पाहिले, ते नीट बसेनात, फटीतून शीळ येई. तोंडाला बरोबर बसेल असं जाड मडकंच पालथं घालून लिंपायला हवं होतं. आणि मडकं घडवणारं गावात एकच माणूस उरलं होतं.

पाटील स्वतः दारात आले. भिवरा आत गेली आणि बाहेर आली नाही. पाटील गेले. तेव्हा येसूनं, त्या सबंध काळात पहिल्यांदा, सुनेकडं सरळ पाहिलं. मग म्हातारी खाली वाकली आणि तिनं सुनेचे पाय धरले. "त्याला निजू दे गं," ती म्हणाली. "तीनदा विचारतोय. उत्तर कोण देणार त्याला?"

सासूनं पाय धरल्यावर सुनेला बोलायला जागा राहत नाही. भिवरानं माती भिजवली. कुंभारणीनं चाकाला हात लावायचा नाही असा रिवाज, म्हणून तिनं हातावरच वळ्या लावत, आतून गोल दगडाचा गुंडा धरून बाहेरून लाकडी थापीनं ठोकत मडकं चढवलं. मुद्दाम कच्चं ठेवता आलं असतं. एखादा खडा मातीत राहू दिला असता तर आव्यात तडकलं असतं आणि कुणी बोट दाखवलं नसतं. पण हाताला खोटं काम येत नव्हतं. असं मडकं, म्हणे, त्या घरात आधी झालं नव्हतं. भिवरानं ते भोकावर पालथं घातलं, कडेनं चिकणमाती लिंपली, आणि डोंगराचा आवाज बंद झाला.

गावानं त्या दिवशी पोटभर जेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोहाराचा भाता भरेना. चामडं फाटलं नव्हतं, शिवण उसवली नव्हती; पाय मारला की नुसता लटलटायचा, निखारा काळाच. लोहारानं भात्याला शिव्या दिल्या, मग बायकोला दिल्या, मग गप्प बसला. चुली धुमसायला लागल्या. धार काढताना दुधाला फेस येईना. कुत्री तोंड उघडायची आणि आवाज न काढता मिटायची. पाळण्यातल्या पोरांनी रडायचं सोडलं. डोळे टक्क उघडे ठेवून नुसती वर बघत पडायची. माणसांना दम लागत नव्हता, पण पुरतही नव्हता. चार शब्द बोलून लोक थांबायचे, आणि पाचव्याची गरज नाही असं ठरवून टाकायचे. झाडाचं पान हलत नव्हतं. शास्त्र्यांनी ओटीवर वात टांगली, ती दोरीला धोंडा बांधल्यासारखी सरळ खाली. "हे कुठल्या पोथीत नाही," ते म्हणाले, "आणि माझ्या रेघांतही नाही." कोंडू भगताला त्याच दुपारी बहिणीची फार आठवण झाली. तो तिच्या गावाला निघून गेला.

तिसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर येसू उठली. भिंत धरून दारापर्यंत आली. "पोरी," ती थांबत थांबत म्हणाली, "तो निजला नाही. मला कळतंय. चल."

दोघी डोंगर चढल्या. दर दहा पावलांवर एक बसायची, दुसरी तिला उठवायची. भिवराच्या हातात थापी होती. का घेतली ते तिलाही सांगता आलं नसतं. मागून गाव येत होतं, लांबून.

मडकं जसं लावलं तसंच होतं. उन्हात तापलेल्या कातळावर, आणि तरी बोट लावलं तर गार. भिवरानं त्याच्या बुडाला कान लावला. बराच वेळ काही नव्हतं. एवढं काही नव्हतं, की तिला स्वतःच्या पापण्यांचा आवाज येत होता. मग तिच्या कानाखाली, मडक्याच्या आतल्या अंगानं, कुणी बोटाच्या पेरानं वाजवलं.

टक, टक, टक.

खडक वाजतो तसा तो आवाज नव्हता. कुंभार पक्कं मडकं पारखतो तेव्हा येतो तसा होता, कणीदार, खणखणीत. तिच्या हातचं मडकं कुणी तपासत होतं. आणि तपासून थांबलं होतं, मान कलती करून थांबावं तसं.

येसूनंही कान लावला. तिनं सुनेकडं पाहिलं आणि मान हलवली.

भिवरानं थापी उचलली. चौथा टोला तिनं दिला.

बूड फुटलं. आतून जी हवा सुटली तिनं येसूचा डोक्यावरचा पदर उडवून पार पाठीमागं टाकला. खाली गावात लोहाराचा भाता आपोआप भरला आणि निखारे फुलले, आणि पाळण्यापाळण्यातली पोरं एकदम रडायला लागली. वरपर्यंत ऐकू आलं, असं सांगतात. टोले मात्र थांबले. त्यानंतर ते कुणी ऐकले नाहीत.

भिवरा उन्हं कलेपर्यंत त्या फुटक्या मडक्याशी वाकून बसली. उठली तेव्हा पाटलांनी विचारलं, "काय ते आता सांग. आत कोण आहे?"

ती म्हणाली, "मला ठाऊक नाही. कुणी नाही, हे तुम्हालाही ठाऊक नाही. ज्याला पक्कं ठाऊक असेल त्यानं पुढं यावं आणि माझं कुंकू पुसावं."

सगळं गाव तिथं उभं होतं. शास्त्री होते, पाटील होते, सासू होती. कुणाचा पाय उचलला नाही. येसूनं उडालेला आपला पदर पुढं ओढून घेतला, त्याच्या टोकानं सुनेच्या कपाळावरची धूळ तेवढी टिपली, कुंकवाला धक्का न लावता, आणि म्हणाली, "चल, भाकरी टाकायच्यात."

भिवरानं पुढं अकरा वर्षं कुंकू लावलं. बाराव्या वर्षी एका सकाळी ती एकटीच ओढ्यावर गेली आणि आपल्या हातानं ते धुऊन आली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. म्हातारी माणसं एवढंच सांगत, की त्या दिवशी आभाळ गच्च भरून आलं होतं आणि तरीही डोंगर दिवसभर आतच ओढत होता. शास्त्र्यांच्या रेघांप्रमाणं ते व्हायला नको होतं.

आजही माघ अमावस्येला, भर दुपारी, कुंभाराच्या घरची बाई नवं मडकं घेऊन वर जाते. चाकावरचं चालत नाही, हातानं चढवलेलंच लागतं. भोकावर पालथं घालायचं, कड लिंपायची आणि थापीच्या एका टोल्यात बूड फोडायचं. आजही खडकवणात माणूस बेपत्ता झाला तर त्याच्या बायकोला तू अमकी झालीस असं कुणी सांगत नाही. ती आपली आपण डोंगरावर जाते, बसते, उतरते, आणि कपाळाचं काय करायचं ते तिचं ती ठरवते. मागं एकाचा ट्रक आसामकडं गेला तो परत आलाच नाही. त्याची बायको सात वर्षं टिकली लावत होती, गाव सात वर्षं तिला हळदीकुंकवाला बोलवत होतं.

यंदाच्या माघात कॉलेजातले एक सर हवेचं वजन मोजायचं यंत्र घेऊन आले. चार दिवस कातळावर बसले, वही भरली. भले गृहस्थ, आमच्या शास्त्र्यांचीच रेघ त्यांनी कागदावर काढून दाखवली आणि हवा कशी चढते, कशी उतरते, ते मला तीनदा समजावलं. मला एकदाही कळलं नाही, पण मी तीनदा मान हलवली. तेवढ्यात तान्हूबाई कुंभारीण नवं मडकं बसवून कडेला माती लिंपत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "तान्हूबाई, ऐकलंस का? सरांच्या यंत्रात आलंय. आत कुणी नाही, नुसती हवा आहे."

तिनं लिंपता हात थांबवला नाही. "असंल की," ती म्हणाली. "वाका जरा खाली, नाना, आन् तेवढं त्याला सांगा."